कोटेशनच्या तळातली ओळ

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास महागड्या गेमिंग संगणकाचे कोटेशन मागितले, की कागदावर आधी प्रोसेसर येतो, मग मदरबोर्ड आणि रॅम; कॅबिनेट व एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, तळाशी राहतात. हा क्रम जुन्या काळाचा आहे. पैसा आणि जोखीम केव्हाच खालच्या ओळींकडे सरकली आहे.

सुटे भाग जुळवण्याची मुभा १९८१ च्या आयबीएम पीसीच्या खुल्या रचनेने दिली आणि १९९५ मध्ये इंटेलने बोर्ड आणि कॅबिनेटसाठी ठरवलेल्या एटीएक्स मापांमुळे एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसू लागला. त्या काळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारातून पुण्यात येणाऱ्या मालावर हद्दीपाशी जकात लागे, ती २०१३ पर्यंत. आता दोन्हीकडे सारखाच १८ टक्के जीएसटी असल्याने खरेदीसाठी मुंबईला जाण्याच्या डेक्कन क्वीनच्या तिकिटाचा हिशेब सहसा जुळत नाही.

१९९६ च्या व्हूडू या त्रिमितीय चित्रे काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाने खेळांचे चित्र पालटले, तरी ते साध्या डिस्प्ले कार्डाच्या जोडीलाच बसवावे लागे. पुढे दोन्ही कामे एकाच कार्डावर आली आणि १९९९ मध्ये आलेल्या एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स २५६ ने भूमिती आणि प्रकाशाची गणितेही प्रोसेसरकडून स्वतःकडे घेतली.

विजेची बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. एसएमपीएसमधून वेगवेगळ्या व्होल्टच्या वाहिन्या निघतात; पूर्वी प्रोसेसरची वीज बहुधा ५ व्होल्टच्या वाहिनीवरून येई. २००० मध्ये पेंटियम ४ सोबत चार पिनांचा वेगळा १२ व्होल्टचा जोड आला आणि पुढे ग्राफिक्स कार्डांनीही आपला भार त्याच वाहिनीवर टाकला. स्वस्त एसएमपीएसच्या स्टिकरवर सगळ्या वाहिन्यांची बेरीज करून मोठा आकडा छापलेला असे, पण कामाची १२ व्होल्टची वाहिनी दुबळीच असे. माझ्या पहिल्या कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळालेला ४५० वॅटचा डबा हाताला संशय यावा इतका हलका होता. तो जळाल्यावर उघडला, तर फिल्टरच्या कॉइलच्या जागी तारेचे नुसते तुकडे डागलेले होते.

पुढचे आकडेच बोलके आहेत. २०१६ च्या जीटीएक्स १०८० कार्डाला १८० वॅट पुरत, २०२० च्या आरटीएक्स ३०८० ला ३२०, २०२२ च्या ४०९० ला ४५० आणि २०२५ च्या ५०९० ला तब्बल ५७५ वॅट लागतात. मधल्या काळात क्रिप्टो मायनिंगने, म्हणजे कार्डांवर आकडेमोड करून आभासी चलन मिळवण्याच्या धंद्याने, कार्डे बाजारातून गायब केली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने ती पद्धत सोडल्यावर वापरलेली कार्डे विक्रीला आली. त्याच वर्षी कार्डाला वीज देणारा १६ पिनांचा नवा जोड पुरता आत न बसल्याने वितळल्याच्या तक्रारी गाजल्या.

म्हणून जाणकार आता आधी कार्ड ठरवतात, मग एसएमपीएस, आणि कॅबिनेट घेताना टेपने आतली लांबी मोजतात. एनव्हिडियाचे स्वतःचे ४०९० कार्ड ३०४ मिलिमीटर लांब आहे. जुन्या कॅबिनेटमधला हार्ड डिस्कचा पिंजरा नेमका त्याच्या आड येतो.