कार्टूनमधल्या पोरांमागचा बाईचा आवाज

आरमोरी तालुक्यातल्या आमच्या गावात माझी सहा वर्षांची भाची कार्टूनमधल्या डोरेमॉनच्या आवाजात पोळी मागते, तीही हिंदीत. डोरेमॉन बोलतो तो आवाज एका बाईचा आहे, हे तिला पटतच नाही. शाळेतल्या मोठ्या मुली मात्र विचारू लागल्या आहेत, हे काम आपल्याला जमेल का? म्हणून ते कुठून आलं, ते सांगते.

मिकी माऊसला 1928 पासून बरीच वर्षं खुद्द वॉल्ट डिस्ने यांनी आवाज दिला. लहान मुलांची पात्रं मात्र पुढे बहुतांशी बायकांकडे आली. मुलाचा आवाज तेरा-चौदाव्या वर्षी फुटतो आणि कार्टूनमधला मुलगा वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. जपानमध्ये नोबुयो ओयामा 1979 ते 2005 अशी 26 वर्षं डोरेमॉन होत्या. मासाको नोझावा यांनी 1986 मध्ये 'ड्रॅगन बॉल' या कार्टूनमधल्या छोट्या गोकूला आवाज दिला. गोकू मोठा झाला, त्याला मुलं झाली, त्या मुलांचेही आवाज त्यांचेच. अमेरिकेत नॅन्सी कार्टराइट 1987 मध्ये सिम्पसन कुटुंबाच्या कार्टूनमधल्या लिसाच्या पात्रासाठी ऑडिशनला गेल्या आणि तिचा भाऊ बार्ट सिम्पसन मागून घेतला.

आम्हा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, माणसांना यात नवल वाटू नये. दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोकनाट्यांत लुगडं नेसून बाई होणारे पुरुष आम्ही पिढ्यान् पिढ्या पाहिले. तिथे रूप बदलायचं, इथे गळा.

आपल्याकडे 1993 मध्ये दूरदर्शनवर मोगली हिंदीत बोलू लागला. शेरखान होते नाना पाटेकर. 2005 मध्ये डोरेमॉन हिंदीत आला, त्याचा आवाज झाली सोनल कौशल, जी तेव्हा स्वतःच शाळकरी मुलगी होती. निन्जा हातोरी आणि नॉडी यांच्यामागे मेघना एरंडे या मराठी अभिनेत्री आहेत.

डबिंगला कलाकार बहुधा एकटाच माइकसमोर असतो. कानात मूळ भाषेतलं वाक्य, समोर पात्राचे ओठ. आपलं वाक्य त्या ओठांत बसलं नाही तर पुन्हा टेक. व्हिडिओ गेमचं काम याहून कष्टाचं. पुष्कळदा समोर चित्रही नसतं, नुसती संवादांची यादी. मार लागला, पडलो, जळालो, मेलो, प्रत्येकाची वेगळी किंकाळी, म्हणून ओरडण्याचं काम शेवटी ठेवतात. गळ्याची ही झीज आणि मोबदला यांवरून अमेरिकेतल्या कलाकारांनी ऑक्टोबर 2016 पासून जवळपास वर्षभर गेम कंपन्यांविरुद्ध संप केला. जुलै 2024 मध्ये ते पुन्हा संपावर गेले, तेव्हा कळीचा मुद्दा होता कृत्रिम बुद्धिमत्तेने होणाऱ्या आवाजाच्या नकलेपासून संरक्षण मिळण्याचा. माझ्या मते ही मागणी शंभर टक्के रास्त होती. गळा हीच ज्याची शेती, त्याचा सातबारा त्याच्याच नावावर हवा.

आमच्या मुलींकडे मुंबईचा स्टुडिओ नाही, पण कान तयार आहे. नागपूर आकाशवाणी 1948 पासून घरात बोलते आहे, हिंदी विदर्भात परकी नाही, आणि दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या रात्रभर प्रयोग करतात. मागच्या हंगामात एका नाटकात विंगेतल्या बाईंनी तान्ह्या बाळाचं रडणं काढलं. इतकं खरं की माझ्या शेजारची म्हातारी उठून उभी राहिली, "अवो, त्या लेकराले घ्या ना कोणी!"