अहवालभार (ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी आरोग्यसेवा)

ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी समाजाने स्वतः चालवलेल्या आरोग्यसेवांना सरकारी अनुदानापोटी जे हिशेब, आकडेवारी आणि प्रगती-अहवाल सतत द्यावे लागतात, त्यांचा एकत्रित ताण. अशी पहिली सेवा १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात सुरू झाली; १९७३ मध्ये मेलबर्नच्या फिट्झरॉय भागातही अशी सेवा निघाली. समाजातून निवडलेले संचालक मंडळ हा या सेवांचा कणा. त्यामुळे त्यांना दोन धनी असतात : सभेत जाब विचारणारा समाज आणि पैसा देणारे सरकार. रकाने भरायचे ते मुख्यतः सरकारसाठी.

१९९५ मध्ये मूलनिवासींच्या आरोग्याचा निधी ‘ॲटसिक’ या निर्वाचित मंडळाकडून केंद्रीय आरोग्य खात्याकडे गेला. राज्य सरकारांचा पैसा वेगळाच येत राहिला. माता-बालक, धूम्रपानमुक्ती, मानसिक आरोग्य अशा प्रत्येक कामाचा करार निराळा, मुदत निराळी आणि खर्चाचा दाखलाही निराळा. आपल्याकडच्या उपयोगिता प्रमाणपत्राचा तो सख्खा भाऊच. दवाखान्यात आलेली बाई मात्र मधुमेह, गरोदरपण आणि घरची काळजी एकदमच घेऊन येते. तिची एक भेट कागदावर तीन कार्यक्रमांत वाटावी लागते.

संशोधक ज्युडिथ ड्वायर व सहकाऱ्यांच्या २००९ च्या ‘ओव्हरबर्डन’ (अतिभार) अहवालाने या दुखण्याला नाव दिले. हिशेब मागण्याला त्यांची हरकत नव्हती. तुकड्यातुकड्यांच्या, अल्पमुदती करारांऐवजी परस्परविश्वासावर उभे दीर्घ मुदतीचे करार करावेत, असे त्यांनी सुचवले.

पुढे राष्ट्रीय निर्देशक, म्हणजे या सेवांचे काम मोजायची देशभर एकसारखी मापे, आली. त्यांची माहिती दर सहा महिन्यांनी द्यायची. जन्मवजनाची नोंद, मधुमेहींची रक्तशर्करा चाचणी, धूम्रपानाची नोंद असे त्यांचे स्वरूप. आकडे दवाखान्याच्या संगणकातून काढता येतात, पण ते आधी नीट भरायला माणूस लागतोच. खरी मेख ‘नियमित रुग्ण’ या व्याख्येत आहे : दोन वर्षांत किमान तीन भेटी. दुर्गम भागात माणसे नातलगांकडे, अंत्यविधीला, कामाला गावोगाव फिरतात. एकच व्यक्ती दोन दवाखान्यांत ‘नियमित’ ठरू शकते. मग चाचणी एकीकडे झाली आणि नोंद दुसरीकडे पोचली नाही, तर त्या दुसऱ्या दवाखान्याची टक्केवारी घसरते, काम चोख असूनही.

मूलनिवासी व इतर नागरिकांमधली दरी बुजवण्यासाठी सरकारांनी केलेल्या जुलै २०२० च्या ‘क्लोजिंग द गॅप’ राष्ट्रीय करारात मूलनिवासी संघटनांची आघाडीही सहभागी झाली. आपल्या भागाची माहिती समाजालाही मिळावी, हे त्यातल्या चार अग्रक्रमांपैकी एक आहे. तोवर ती माहिती बहुधा एकाच दिशेने, वरच जात होती.