जपानी लावापालन सोलापुरात: पक्ष्यांची निवड, पात्रता आणि कागदपत्रे

लावापालनाचा (लावा म्हणजे बटेर) विषय निघाला की पहिला प्रश्न अनुदानाचा येतो. आमचं सांगणं उलटं आहे. फाइलमधला पहिला कागद पक्ष्यांबरोबरच घरी यायला हवा, तो म्हणजे खरेदीची पावती.

कारण साधं आहे. रानातला लावा धरणं, पाळणं, विकणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली गुन्हा आहे, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यामुळे आपल्याकडे वनखात्याचं लक्ष जरा जास्तच असतं. जपानी लाव्याच्या नव्या फार्मांनाही केंद्राने 2011 मध्ये मनाई केली होती. 2013 च्या अखेरीस तो या कायद्यातून वगळला गेला. त्यामुळे त्याला आता वनखात्याचा परवाना लागत नाही. पण पिंजऱ्यातला पक्षी जपानीच आहे हे उद्या कुणी विचारलं तर दाखवणार काय? म्हणून पावतीवर हॅचरीचं (अंडी उबवून पिलं विकणाऱ्या केंद्राचं) नाव, तारीख, नर-मादी संख्या, वय आणि ‘जपानी लावा’ हे शब्द स्पष्ट हवेत. नुसतं ‘बटेर, 80 नग’ लिहिलेली चिठ्ठी घेऊ नका. बाजारात कुणी स्वस्तात रानलावे देत असेल तर तिथून निघून या.

पैदाशीसाठी पक्षी घेताना दिवसाच्या पिलांपेक्षा पाच-सहा आठवड्यांचे घ्या. तपकिरी जातीत तीन आठवड्यांनंतर छातीवरून नर-मादी कळते: नराची छाती एकसारखी विटकरी, मादीच्या छातीवर काळे ठिपके. पांढऱ्या जातीत ही खूण चालत नाही. तिथे वयात आलेल्या नराच्या गुदद्वारावरची फुगीर गाठ हलके दाबून बघतात, पांढरा फेस आला की नर. मादी नरापेक्षा वजनदार असते, त्यामुळे अंगाने लहान मादी कळपात नको. वाकडी बोटं, चिकटलेले डोळे, मळलेली शेपटी दिसली तर पक्षी बाजूला ठेवा.

दोन-तीन माद्यांमागे एक नर धरा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नर एका हॅचरीचे आणि माद्या दुसरीकडच्या घ्या. लाव्यात जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा फटका कोंबडीपेक्षा लवकर बसतो. अंडी फळत नाहीत, पिलं मरतात. दोन ठिकाणच्या दोन पावत्या असल्या की हा हिशेबही कागदावर राहतो. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘कॅरी उत्तम’, ‘कॅरी उज्ज्वल’ अशा जाती काढल्या आहेत. हॅचरीला मूळ कुठलं ते विचारा. आणि हो, पाळीव लावी अंड्यांवर बसत नाही. इन्क्युबेटर (अंडी उबवायचं यंत्र) लागतोच, पिलं 17-18 दिवसांत निघतात.

आता कर्जाचं. राष्ट्रीय पशुधन अभियानात कुक्कुटपालनाला 50 टक्के, कमाल 25 लाखांपर्यंत अनुदान आहे, पण ते परसातल्या कोंबड्यांच्या किमान 1000 पक्ष्यांच्या मोठ्या युनिटसाठी. साठ-सत्तर लावे पाळणाऱ्याने त्यामागे धावू नये. त्यापेक्षा पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड बघा. शेतजमीन असलीच पाहिजे असं नाही; शेड स्वतःची किंवा भाड्याची असली तरी चालते, बचत गटही पात्र आहे. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंत तारण लागत नाही. पैसा मात्र खाद्य, औषध, वीज यासाठी मिळतो, पिंजरे-इन्क्युबेटरची सोय वेगळी करावी लागते.

बँकेत अर्जासोबत आधार, पॅन, फोटो, पासबुक, शेडचा सातबारा किंवा घरपट्टीचा उतारा (भाड्याची असेल तर भाडेकरार), आणि इतर बँकांची थकबाकी नसल्याचा दाखला द्या. पक्षी आधीच घेतले असतील तर त्या पावत्यांच्या प्रतीही जोडा. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घेऊन ठेवा. महापालिका हद्दीत असाल तर शेड उभारण्याआधी झोन कार्यालयात विचारा, कारण रहिवासी भागात शेजाऱ्यांची तक्रार वासावरून येते. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. अंडी-मांस हॉटेलला द्यायचं असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागेल.

माहितीसाठी तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी किंवा मोहोळ, खेडचं कृषी विज्ञान केंद्र. खरेदी मे महिन्यात करू नका, सोलापूरच्या उन्हात वाहतुकीतच पक्षी दगावतात. पूर्ण अर्जावर बँकेने 14 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, तेव्हा अर्ज देताना तारखेची पोच मागून घ्या.