अवरक्त हालचाल-संवेदक : बसवणी व चाचणी

घरफोडी-सूचक यंत्रणेत, खोलीत शिरलेल्या माणसाची शारीरिक उष्णता टिपून नियंत्रण पेटीला इशारा देणारे उपकरण. व्यवहारात ते ‘पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सर’ म्हणून ओळखले जाते. ते स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. मानवी त्वचेचे अवरक्त प्रारण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. ते पॉलिएथिलीनच्या फ्रेनेल भिंगातून (खाचा असलेल्या पातळ, सपाट भिंगातून), तापमान बदलताच विद्युतभार निर्माण करणाऱ्या घटकांवर पडते. असे दोन घटक उलट ध्रुवतेने जोडलेले असल्यामुळे सबंध खोली सावकाश तापली तर त्यांचे संकेत परस्परांना रद्द करतात, परंतु माणूस भिंगाने आखलेल्या पट्ट्यांमधून जाताना ते आळीपाळीने उद्दीपित होतात. म्हणूनच हा संवेदक आडव्या जाणाऱ्याला चटकन ओळखतो, तर सरळ चालून येणाऱ्याला उशिरा.

बसवण्याची जागा ठरवताना हीच गोष्ट मुख्य धरावी, कारण चुकीच्या कोपऱ्यातला महाग संवेदक योग्य कोपऱ्यातल्या साध्या संवेदकापेक्षा वाईट काम करतो. घुसणाऱ्याची वाट पट्ट्यांना छेदेल असा कोपरा निवडून, उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर, बहुधा २.१ ते २.४ मीटरवर, तो घट्ट बसवतात. नेहमीच्या घरगुती नमुन्यांचा पल्ला सुमारे १२ मीटर असतो. खिडकीची काच हे प्रारण अडवते. त्यामुळे बाहेरचा माणूस सहसा दिसत नाही, मात्र उन्हाने तापून हलणारा पडदा खोटा इशारा देऊ शकतो. वातानुकूलकाचा झोतही टाळावा. आपल्याकडे पाली व कोळी यांचा उपद्रव विशेष असल्याने तारेचे छिद्र सिलिकॉनने बुजवणे आवश्यक ठरते.

तारयुक्त संवेदकाला साधारणतः १२ व्होल्ट एकदिश वीज लागते. इशाऱ्याचा संपर्क एरवी बंद (म्हणजे जोडलेला) असतो आणि हालचाल होताच किंवा वीज जाताच उघडतो. झाकण उघडल्याचे कळवणारा स्विच वेगळा असतो. मंडलाच्या टोकाचा रोधक, म्हणजे ज्याच्या ठरावीक रोधावरून पेटी तारा शाबूत असल्याचे ओळखते तो, संवेदकाच्या आतच बसवावा. तो नियंत्रण पेटीत बसवला, तर वाटेत कोणी तारा एकमेकींना जोडल्या तरी पेटीला पत्ता लागत नाही.

वीज दिल्यावर संवेदक स्थिर होईपर्यंत थांबून चालण्याची चाचणी घेतात. एक जण खोलीत सावकाश, नेहमीच्या गतीने आणि वाकून चालतो, प्रत्येक फेरीनंतर थोडा थांबतो आणि संवेदकावरचा सूचक दिवा कुठे लागतो त्यावरून क्षेत्राची सीमा ठरवतो. केवळ दिवा लागणे पुरेसे नाही. त्याच वेळी पेटीवर नेमका तोच विभाग (त्या संवेदकाला नेमून दिलेले मंडल) उघडल्याचे दिसले पाहिजे, अन्यथा तारजोडणीतला दोष लपून राहतो. विदर्भातील उन्हाळ्यात बंद दुकानाच्या भिंती त्वचेइतक्या तापल्या की माणूस व पार्श्वभूमी यांतील फरक उरत नाही. काही नमुन्यांत तापमानानुसार संवेदनशीलता आपोआप वाढवण्याची सोय असते, तरीही तेथे चाचणी भर दुपारी घेणे उचित. चाचणी संपल्यावर दिवा बंद ठेवतात, नाहीतर दिवसा येणाऱ्या कोणालाही क्षेत्राची सीमा सहज ताडता येते. भिंगावर कोणी फवारा मारला वा समोर कपाट सरकवले, तर साधा संवेदक त्याची सूचना देत नाही. म्हणून ही चाचणी ठरावीक काळाने पुन्हा घ्यावी लागते.