पायांनी वाचायची फरशी

मेट्रोच्या फलाटावर कडेला उंचवट्यांची पिवळी फरशी असते. डोळस माणसाला ती जाणवते ती चाकांची बॅग खडखडली की, तेवढ्यापुरतीच. ही फरशी जपानमधल्या ओकायामा शहरातली.

तिथल्या सेइची मियाके यांच्या एका स्नेह्याची नजर अधू होत चालली होती. शिवाय पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणारा एक माणूस गाडीखाली येता येता वाचलेला त्यांनी पाहिला होता. यातून 1965 मध्ये त्यांनी ही फरशी घडवली. तळव्याला कळेल असं काहीतरी जमिनीतच हवं, एवढीच कल्पना. 18 मार्च 1967 रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळच्या चौकात अशा 230 फरश्या बसल्या. जपानीत त्यांना ‘तेन्जी ब्लॉक’ म्हणतात. तेन्जी म्हणजे ब्रेल लिपी. सुरुवातीला मागणी फारशी नव्हतीच, मियाके फरश्या फुकटही देत.

या लिपीत अक्षरं दोनच. लांबट रेघा म्हणजे ‘या दिशेनं चालत राहा’, गोल ठिपके म्हणजे ‘थांब, पुढे काहीतरी आहे’. पिवळा रंग आहे तो अंधुक दिसणाऱ्यांसाठी. दृष्टिहीन म्हटल्या जाणाऱ्या अनेकांना थोडंफार दिसतं, हे आपण विसरतोच.

रस्त्यावरून ही फरशी फलाटावर आली ती 1970 मध्ये, ओसाकाच्या एका स्थानकात. सगळीकडे मात्र नाही. 1973 मध्ये टोकियोच्या ताकादानोबाबा स्थानकात एक दृष्टिहीन माणूस फलाटावरून रुळांवर पडून गाडीखाली गेला. जपानचं ब्रेल ग्रंथालय याच परिसरातलं, म्हणजे असे प्रवासी तिथे रोजचेच. तरी त्या फलाटावर या फरश्या नव्हत्या. घरच्यांनी रेल्वेवर दावा लावला, तो 1986 मध्ये तडजोडीनं मिटला. तोवर फलाटावर या फरश्या हव्यात, याबद्दल वाद उरला नव्हता.

पण नुसत्या ठिपक्यांत एक खोट होती. माणूस ठिपक्यांवर उभा आहे, गर्दीत दिशा चुकली आहे. आता रूळ डावीकडे की उजवीकडे? यावर उपाय निघाला तो अगदी साधा: ठिपक्यांच्या आतल्या, म्हणजे सुरक्षित बाजूला एक सलग रेघ. पायाला रेघ लागली की तिकडेच सरकायचं.

मधल्या काळात प्रत्येक गावानं आपापल्या नक्षीच्या फरश्या बसवल्या होत्या. गावोगावी अक्षरच वेगळं असेल तर वाचायचं कसं? अखेर 2001 मध्ये जपाननं उंचवट्यांचा आकार आणि मांडणी यांचं राष्ट्रीय मानक ठरवलं; उंची 5 मिलिमीटर. आंतरराष्ट्रीय मानक आलं 2012 मध्ये.

आपल्याकडे मेट्रोबरोबर या फरश्या नजरेत भरू लागल्या, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सुगम्यतेला बळ दिलं. फुटपाथवर पेव्हर ब्लॉकच्या मधोमध पिवळा पट्टा आता दिसतो. तो कधी विजेच्या खांबात घुसतो, कधी झाडाच्या आळ्याशी संपतो. काही ठिकाणी तर सरळ वाटेवर रेघांऐवजी सलग ठिपकेच बसवलेत. म्हणजे पावलापावलाला ‘थांब’.