शर्करावाहक प्रथिने, गव्हातील

गव्हाच्या पेशीपटलात बसून साखरेचे रेणू पटलाच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेणारी प्रथिने. पटल स्निग्ध असते आणि साखर पाण्यात विरघळणारी, त्यामुळे वाहक नसेल तर साखर पेशीच्या दाराशीच अडते. ओंबीत दाणा किती भरेल हे या दारांवर अवलंबून असते. तांबेऱ्याची बुरशी पोसली जाते तीही याच साखरेवर.

पानात तयार झालेली साखर झाडात मुख्यतः सुक्रोजच्या रूपाने फिरते. स्वीट कुळातील वाहक तिला पेशीबाहेर सोडतात. या कुळाची ओळख २०१० मध्ये पटली. जिकडे साखर कमी तिकडे ती जाऊ देणे एवढेच त्यांचे काम, त्याला ऊर्जा लागत नाही. एसयूटी कुळातील वाहक सुक्रोज ओढून रसवाहिनीत भरतात. पेशीभित्तीतले इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते. ग्लुकोजसारख्या या एकेरी शर्करा पेशीत घेण्याचे काम एसटीपी कुळाचे. या नोंदीचा मुख्य विषय हे तिसरे कुळ आहे.

गव्हाच्या दाण्यावरची उभी खाच सगळ्यांनी पाहिलेली असते. दाण्याला अन्न पुरवणारी रसवाहिनी त्याच खाचेच्या तळाशी असते. मात्र मातृझाडाच्या ऊती आणि आतला वाढता गर यांच्यामध्ये पेशी ते पेशी अशी सलग वाट नसते. साखरेला एका बाजूने बाहेर पडून दुसऱ्या बाजूने पुन्हा आत शिरावे लागते. दाणा चिकात असताना हे काम जोरात चालते.

एसटीपी प्रथिनाची साखळी पटलातून बारा वेळा आरपार जाते आणि तिचे दोन अर्धे समोरासमोर बसतात. पेशी एटीपी (ऊर्जा साठवणारा रेणू) खर्चून प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) सतत बाहेर फेकते, म्हणून बाहेरचा भाग आम्लधर्मी राहतो. प्रोटॉनचा ओढा आत परतण्याकडे असतो आणि वाहक त्या ओढ्याचाच उपयोग करतो. आधी तो बाहेरच्या बाजूने उघडा असतो. एक प्रोटॉन आणि साखरेचा एक रेणू आत बसले की बाहेरची फट मिटते, आतली उघडते आणि दोघेही पेशीत उतरतात. दोन्ही फटी एकाच वेळी उघडत नाहीत, म्हणून साखर गळून जात नाही. बाहेर साखर अगदी थोडी असली तरी वाहक ती वेचून घेऊ शकतो. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या वनस्पतीच्या एसटीपी१० प्रथिनाची स्फटिकरचना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ही हालचाल अणूंच्या पातळीवर समजू लागली.

गव्हातील सर्वांत उद्बोधक उदाहरण एलआर६७ या जनुकाचे आहे. पाकिस्तानातून गोळा केलेल्या एका जुन्या वाणातून ते आले. ते ४डी गुणसूत्रावर असून त्यावरून एसटीपी१३ या वाहकाचे एक बदललेले रूप तयार होते, हे २०१५ मध्ये दाखवले गेले. नेहमीच्या प्रथिनापेक्षा त्यात फक्त दोन अमिनो आम्ले वेगळी आहेत. निर्णायक बदल १४४ व्या जागी आहे : तिथे ग्लायसीनऐवजी आर्जिनीन येते आणि वाहकाची ग्लुकोज उचलण्याची क्षमता जाते.

गहू षट्गुणित असल्यामुळे (४२ गुणसूत्रे; अ, ब आणि ड हे तीन संच, प्रत्येक दुहेरी; ४डी हे ड संचातले) त्याच जनुकाच्या इतर दोन संचांतल्या प्रती शाबूत असतात. मग एक प्रत बिघडल्याने काय व्हावे? बदललेले प्रथिन चांगल्या प्रथिनांशी जोडी जमवते आणि त्यांनाही निकामी करते, असे स्पष्टीकरण शोधकर्त्यांनी दिले. त्यामुळे पान, खोड आणि पिवळा असे तिन्ही तांबेरे, शिवाय भुरी, यांना एकाच जनुकाने अंशतः आळा बसतो. तांबेरा येतो, पण सावकाश पसरतो. हा प्रतिकार वाढलेल्या झाडात दिसतो आणि त्यासोबत पानांची टोके वाळतात. हेच जनुक जवात घातल्यावर तिथेही पानावरचा तांबेरा आणि भुरी यांना प्रतिकार मिळाला.

बुरशी पानाच्या पेशीत चूषकांग खुपसून साखर शोषते. वाहक अडल्याने तिची नुसती उपासमार होते, असे म्हणणे मात्र अपुरे वाटते. पेशीबाहेर साखर साचली तर झाडाच्या संरक्षणयंत्रणेला इशारा मिळत असावा, हीदेखील शक्यता मांडली गेली आहे. अरॅबिडॉप्सिसमध्ये उलटे चित्र दिसते. तिथे जिवाणूंची चाहूल लागताच एसटीपी१३ अधिक जोमाने साखर आत ओढते आणि बाहेरच्या जिवाणूंचे अन्न काढून घेते. गव्हात तेच प्रथिन पिवळ्या तांबेऱ्याला मदत करते. हल्लेखोर पेशीबाहेर राहतो की पेशीत चूषकांग घालून बसतो, यावर साखर कुठे असणे झाडाच्या हिताचे हे ठरते.

महाराष्ट्रात तांबेऱ्याला गेरवा असेही म्हणतात. महाबळेश्वर येथील गहू गेरवा संशोधन केंद्रात थंड, दमट हवेत वाणांची रोगासाठी पारख होते.