वाळीत टाकण्याचा हक्क नेमका कुणाचा?

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा महाराष्ट्र विधानसभेत एकमताने संमत झाला. त्यामुळे या प्रश्नावर वाद नव्हताच, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये 1890 मध्ये घेतलेल्या चहावरून पुण्यात झालेलं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याची कारवाई, आणि नंतरची प्रायश्चित्तं ही शाळेतल्या पुस्तकापासून माहीत असलेली गोष्ट. खरी कायदेशीर झटापट 1949 पासूनची.

त्या वर्षी मुंबई प्रांताने बहिष्कृत करण्यावरच बंदी घातली. जातीने किंवा पंथाने कुणाला बाहेर काढलं तर ते रद्दबातल, आणि काढणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड. दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथाच्या धर्मगुरूंनी कायद्याला आव्हान दिलं. उच्च न्यायालयात कायदा टिकला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1962 मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला.

हा निकाल जरा थांबून पाहायला हवा. श्रद्धेच्या कारणावरून एखाद्याला बाहेर काढणं हे पंथाची एकी राखण्याचं साधन आहे, म्हणून ती घटनेच्या कलम 26 खालची, म्हणजे पंथाने स्वतः ठरवायची धार्मिक बाब, असं बहुमताने मानलं. कायद्याने धार्मिक कारण आणि इतर कारणं वेगळी केली नव्हती, ते त्याला भोवलं. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी दुसऱ्या टोकाकडून पाहिलं: मशीद बंद, दफनभूमी बंद, म्हणजे हा माणूस स्वतःच्याच समाजात अस्पृश्य झाला. त्यांनी थेट अस्पृश्यता रद्द करणाऱ्या कलम 17 चा आधार घेतला. बहुमताने पंथाचा आवाज एकच धरला. आत वेगळं बोलणारे असतात आणि बाहेर जायची पाळी त्यांच्यावरच येते, याचा हिशेब त्या निकालात फारसा लागत नाही.

पुढची पन्नास वर्षं कायदेमंडळ या वाटेला जवळजवळ गेलंच नाही. रायगडात गावकीने कुटुंबं वाळीत टाकल्याच्या तक्रारी येत राहिल्या. 2013 मध्ये नाशिकला जातीबाहेर लग्न केलेल्या गर्भवती मुलीचा बापानेच खून केला आणि जात पंचायतींचा कारभार चव्हाट्यावर आला. त्यानंतर तीन वर्षांनी विधेयक आलं. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर 2017 च्या जुलैत कायदा लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर प्रकरण मिटवता येतं. गावात राहायचं असलेल्या माणसाची ही ‘संमती’ कशी मिळते, हे कुणी वेगळं सांगायला नको.

याच कायद्याने 1949 चा कायदा औपचारिकपणे रद्द केला. तेव्हा जुना वाद संपला, असा युक्तिवाद पुढे सर्वोच्च न्यायालयात झाला. तो मान्य झाला नाही. 1962 च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून 1986 पासून पडून असलेली याचिका फेब्रुवारी 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींनी नऊ जणांच्या पीठाकडे पाठवली.